इंग्रजीतले जुने, आता कुणी वापरत नाही असे मजेशीर शब्द कोणते? त्यांचे अर्थ काय?

लांबलचक, जीभ वळणार नाही अशा शब्दांच्या लिस्टा नेटवर ढिगाने मिळतील, त्या मी परत टाकत नाही. मला मजा वाटते ती ज्यांच्यासाठी आपल्याकडे अजून रोजचा शब्द आहे अशा जुन्या इंग्रजी शब्दांची.

उदाहरणार्थ 'ओव्हरमॉरो', म्हणजे येणारा परवा. 1535 च्या, कव्हरडेल नावाच्या माणसाने केलेल्या इंग्रजी बायबलमध्ये आहे. गेलेल्या परवासाठी 'एरयेस्टरडे'. इंग्रजांनी दोन्ही टाकून दिले आणि आता बिचारे 'द डे आफ्टर टुमॉरो' एवढं लांबण लावतात, जर्मन लोक मात्र अजून सरळ 'युबरमॉर्गन' म्हणतात. आपलं तिसरंच, एकच परवा दोन्हीकडे चालवायचा आणि क्रियापद येईपर्यंत पाहुणे येऊन गेले की यायचेत ते कळत नाही.

'फोर्टनाइट' आपण ऑफिसात वापरतो, तो म्हणजे मुळात चौदा रात्री. त्याचा धाकटा भाऊ 'सेनाइट', सात रात्री, तो मेला. त्यांचे सात तर आपला आठवडा, त्यांचे चौदा तर आपला पंधरवडा, दोन्हीकडे आपला एक जास्तच (पंधरवडा तिथींचा असतो, मान्य).

आता माझा सगळ्यात आवडता, 'मीट'. पाचवी-सहावीत असताना डिक्शनरीत पेढ्यापुढे 'स्वीटमीट' असं बघितलं आणि घरी आजीला जाऊन सांगितलं की इंग्रजीत पेढ्याला गोड मटण म्हणतात. तिचा गुरुवारचा उपास होता आणि हातात दत्ताचा प्रसाद, तोही पेढाच. तिने तो तसाच वाटीत ठेवला, मग माझ्याकडे बघितलं, मग पेढ्याकडे, आणि "त्या मेल्या इंग्रजांना काय कळतंय" म्हणून तोंडात टाकला. बरोबरच होती ती, फक्त कारण वेगळं. जुन्या इंग्रजीत 'मीट' म्हणजे नुसतं अन्न, कुठलंही. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये देव माणसाला सांगतो की बीवाल्या वनस्पती आणि झाडांची फळं हे तुझं मीट, म्हणजे चक्क शाकाहारी मीट. पुढे अर्थ आक्रसत मांसापुरता उरला, पण स्वीटमीटमध्ये जुना अर्थ तसाच अडकून राहिला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात आपल्या गोड पदार्थांपुढे हा शब्द जागोजागी भेटतो.

'डिअर' म्हणजे हरणाचं पण तसंच झालं. आधी अर्थ होता कुठलंही जनावर. शेक्सपिअरच्या किंग लिअरमध्ये उंदीर-घुशींना 'स्मॉल डिअर' म्हटलंय, नुसतं वाचलं तर छोटी हरणं वाटतील. आणि गंमत म्हणजे आपला 'मृग' अगदी याच वाटेने गेलाय. आधी रानातला कुठलाही पशू, म्हणून सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग, शिकार ती मृगया, आणि शेवटी मृग म्हणजे फक्त हरीण. दोन भाषा, एकमेकींना न विचारता सेम काम करून बसल्या.

'नाइस' म्हणजे पूर्वी मूर्ख आणि 'सिली' म्हणजे धन्य, हे बऱ्याच जणांना माहीत असतं, म्हणून पुढे जातो.

शेवटचा 'दाऊ' (thou), जुन्या इंग्रजी नाटकात आणि प्रार्थनेत येतो तो. आपल्याला वाटतं फार आदराचा, भारदस्त शब्द आहे. तो साधा 'तू' आहे हो! 'यू' हे आपलं 'तुम्ही', आदराचं. हळूहळू सगळे सगळ्यांना तुम्ही म्हणायला लागले आणि इंग्रजीतला तू मेला. 1603 मध्ये वॉल्टर रॅले या इंग्रज सरदार-दर्यावर्दीवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोकने त्याला भर कोर्टात मुद्दाम दाऊ म्हणून हिणवलं, म्हणजे आपल्याकडे भांडणात "अरे-तुरे करतो का?" होतं ना, ते तिथे ठरवून केलं. देवाला दाऊ म्हणतात ते आपण विठोबाला तू म्हणतो तसं, जवळचा म्हणून. तेव्हा इम्प्रेशन मारायला मेलमध्ये दाऊ टाकायचा विचार असेल तर जरा थांबा, तुम्ही साहेबाला 'काय रे' म्हणताय.