रोजच्या बोटातला मोती: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ज्योतिषांनी सांगितलं म्हणून तीन वर्षं करंगळीत चांदीतला मोती घालते. अंगठी कधीच काढत नाही. आता मोती खडूसारखा दिसतो. पॉलिश करून पाणी परत येईल का? (नौपाडा, ठाणे)

आधी कोमट पाण्यात सौम्य शाम्पूचे दोन थेंब टाकून मऊ फडक्याने हलकेच पुसून बघा. कधी कधी साबणाचं आणि क्रीमचं नुसतं किटण असतं, ते निघालं की मोती पुन्हा उजळतो. तरीही खडूसारखाच राहिला, तर मात्र गेलेलं पाणी परत येत नाही.

कारण मोती हा दगड नाही. शिंपल्यात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय पातळ थर एकावर एक बसून तो घडतो आणि त्याचं तेज या थरांमधूनच येतं. आंबट लागलं की हे थर झिजतात. आता आपला हात दिवसभर कशाकशात जातो ते आठवा: पोह्यांवर लिंबू, चिंचेचा कोळ, आमसूल, मग भांडी, वर अत्तर आणि आपल्याकडचा घाम. गळ्यातला मोती यातलं बरंचसं चुकवतो, बोटातल्याला सगळं सोसावं लागतं. पॉलिश करणं म्हणजे उरलेले थर खरवडणं. शिंपल्यात मणी घालून वाढवलेल्या, म्हणजे पिकवलेल्या मोत्यावर हा थर काही वेळा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतो. तो गेला की आतला मणीच उघडा पडतो.

अंगठी सतत बोटात हवी ही तुमची श्रद्धा मी समजू शकते. पण स्वयंपाक, भांडी आणि अंघोळ एवढ्या वेळी ती काढायला परवानगी आहे का, हे ज्योतिषांना जरूर विचारा. नवा मोती घेतलात तर रोज रात्री जुन्या सुती साडीचा तुकडा किंचित ओला करून मोती पुसायचा, मग कोरड्याने टिपायचा. खालची बाजू विसरू नका. मोती त्वचेला लागावा म्हणून अंगठी मागून उघडी ठेवतात आणि घाम नेमका तिथेच साचतो. धूळ बसलेला मोती कोरडा चोळू नका. धुळीत वाळूचे कण असतात. कठीणपणाच्या मापावर ते ७ आणि मोती २.५ ते ४.५.

प्रश्न : अंगठीची चांदी काळी पडली. टूथपेस्ट चालेल? (कोपरी)

नाही. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात. चांदी उजळवायचं द्रावण तर बहुधा आम्लयुक्त असतं, त्यात बुडवलेला मोती वाचत नाही. चांदी पुसायचं कापड मिळतं, त्याने मोत्याला धक्का न लावता फक्त चांदी पुसा. सराफाकडे दिलीत तर अल्ट्रासॉनिक मशीन आणि वाफ, दोन्ही नको असं आधीच सांगा.

प्रश्न : ऐरोलीहून रोज लोकलने जातो. अंगठीतला मोती बोटाने फिरवला तर फिरतो. घरी चिकटवू का? (ऐरोली)

आजपासून ती घालू नका. गर्दीत दांडा धरताना मोती निसटला तर कळणारही नाही. अशा अंगठीत मोत्याला अर्धवट भोक पाडून तो बारीक खुंटीवर चिकटवलेला असतो. गरम पाण्याने आणि धक्क्यांनी तो चिकटा सुटतो. घरचा झटपट गोंद भोकाबाहेर ओघळून मोत्यावर डाग पाडतो, आणि तो काढायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरलं की मोतीही खराब होतो. सराफ जुना चिकटा साफ करून दोन भाग मिसळायच्या इपॉक्सीने मोती पुन्हा बसवतो. काम लहान आहे, टाळू नका.

प्रश्न : आजीची नथ मोडली आहे. त्यातला एक बसरा मोती रोजच्या अंगठीत बसवावा का? (वाशी)

कृपा करून नको. बसरा म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती, एके काळी मुंबईच्या बाजारात यायचे ते. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो या उद्योजकाने १८९३ मध्ये पहिला अर्धगोल मोती पिकवला, आणि पुढच्या काही दशकांत पिकवलेल्या मोत्यांनी बाजार भरून गेला. नथीतला मोती खराच बसरा असेल, तर त्याच्या जोडीचा मिळणं फार अवघड. नैसर्गिक की पिकवलेला, हे रत्नांच्या प्रयोगशाळेत एक्स-रेने कळतं. तेवढं करून घ्या. शिवाय नथीतला मोती तारेसाठी आरपार विंधलेला असतो, अंगठीच्या खुंटीवर बसवला तर वरचं भोक उघडं दिसेल.

त्यापेक्षा नथीची तार बदलून ती पुन्हा बांधून घ्या. ठेवताना मलमलीत गुंडाळा, हवाबंद प्लास्टिकमध्ये नको. फार कोरड्या जागी वर्षानुवर्षं पडून राहिलेला मोती तडकू शकतो. गौरी-गणपतीला लॉकरमधून काढा, घाला, पुसून परत ठेवा.