चार्जिंगचा बोर्ड घरी बदलता येतो, फोन मरतो तो स्क्रूने

आपण विचारले आहे की फोनचे चार्जिंग पोर्ट सैल झाले आहे, केबल एका बाजूला दाबून धरली तरच चार्जिंग होते, दुकानदार फोन दोन दिवस ठेवून घेतो म्हणतो. अशा वेळी आतला चार्जिंगचा छोटा बोर्ड ऑनलाइन मागवून घरीच बदलावा का, आणि त्यासाठी कोणते टूलकिट घ्यावे. बोर्ड घरी बदलता येतो. मी आजवर तीन फोनांचे बदलले आहेत आणि त्यांपैकी पहिला फोन माझ्या हातून बंद पडला. तरीही घरी बदलता येतो असेच मी म्हणतो, कारण तो फोन बोर्ड बदलल्यामुळे बंद पडला नव्हता. आमच्या घरात २०२१ पासून यावर एकमत झालेले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये २२ वर्षे फिटर आहे. घर राजारामपुरीत. थोरले बंधू, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, दुधाळीत राहतात आणि स्वतःचा मालवाहू टेम्पो चालवतात. २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून चढू लागली, तेव्हा २०१९ चा महापूर डोळ्यांसमोर असल्यामुळे आण्णा, वहिनी आणि मुले पाणी गल्लीत शिरण्याची वाट न पाहता आमच्याकडे आली. आण्णांच्या फोनचे पोर्ट त्याआधी महिनाभर आपल्यासारखेच सैल होते. चार्जिंगचा छोटा बोर्ड, दुरुस्तीवाले ज्याला सीसी बोर्ड म्हणतात, तो मी मागवून ठेवला होता आणि एखाद्या रविवारी निवांत बसून बसवायचे ठरले होते. पण आता शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याच्या बातम्या येत होत्या, वीज केव्हा जाईल याचा भरवसा नव्हता, आण्णांच्या फोनमध्ये आठ टक्के बॅटरी उरली होती आणि टेम्पोची सगळी गिऱ्हाइके, गॅरेजवाला, दुधाळीत मागे राहिलेले शेजारी, या सर्वांचे नंबर त्याच एका फोनमध्ये होते. मी म्हणालो की अर्ध्या तासात बदलून देतो.

मागचे कव्हर हेअर ड्रायरने कडेकडेने गरम करून जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्टीने सोडवले. त्यानंतर वरच्या बाजूचे प्लॅस्टिकचे कव्हर काढले, बॅटरीच्या कनेक्टरवर बसवलेली लोखंडी पत्री तिचे दोन स्क्रू काढून उचलली आणि सर्वांत आधी बॅटरी सोडवली, कारण बॅटरी जोडलेली असताना आतल्या कोणत्याही कनेक्टरला हात लावायचा नसतो. मग खालचा स्पीकरचा बॉक्स, मुख्य बोर्डाकडून येणारी पट्टी, अँटेनाची बारीक काळी वायर, आणि शेवटी जुना सीसी बोर्ड. नवा बोर्ड खाचेत नीट बसला. मागची बाजू उघडी असतानाच बॅटरी जोडून चार्जर लावून पाहिला. पुतण्या शेजारी बसून टक्के मोजत होता, आठाचे नऊ झाले, अकरा झाले, केबल कशीही हलवली तरी चार्जिंग तुटले नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे. त्या क्षणी नवा बोर्ड बसलेला होता, काम करत होता, आणि ते काम घरातल्या जेवणाच्या चटईवर झालेले होते.

चूक त्यानंतर झाली. काढलेले सगळे स्क्रू मी एका स्टीलच्या वाटीत टाकले होते. दिसायला सगळे सारखे, काळे, तांदळाच्या कणीएवढे. फोन बंद करून मी वरून खाली एकेक स्क्रू लावत गेलो. बॅटरीच्या कनेक्टरवरच्या पत्रीचा दुसरा स्क्रू आवळताना शेवटच्या पाव फेऱ्याला हाताला जडपणा जाणवला. कामावर एखाद्या शिकाऊ मुलाच्या हाताला तसे जडपण लागले असते तर मी त्याला तिथेच थांबवले असते, स्क्रू काढायला लावून आटे तपासले असते. त्या दिवशी मी थांबलो नाही. पाव फेरा दिला आणि तो बसला. कव्हर लावले, बटण दाबले, फोन सुरू झाला नाही. चार्जर लावला तरी काही नाही.

आण्णा तेव्हा एवढेच म्हणाले, "दुकानात दिला असता तर चार दिस लागलं असतं, पर फोन तरी ऱ्हायला असता." पुढचे पाच दिवस ते माझ्या बायकोच्या फोनवरून, आठवतील तेवढ्या नंबरांवर बोलत राहिले. पूर ओसरल्यावर मी तो फोन मायक्रोस्कोपखाली काम करणाऱ्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पत्री उचलली, भिंगाखाली पाहिले आणि मला विचारण्याआधीच सांगितले की लांब स्क्रू लागला आहे. त्याने मलाही भिंगातून दाखवले. पत्रीच्या स्क्रूसाठी बोर्डावर आट्यांचे एक छोटे बूड बसवलेले होते, त्यातून स्क्रू पार होऊन खालच्या बोर्डात घुसला होता आणि भोवतीचे तांबे खरवडून निघाले होते. फोनचा मुख्य बोर्ड म्हणजे एकच पातळ फळी नसते. एक मिलिमीटरच्या आसपासच्या त्या जाडीत तांब्याचे कित्येक थर एकावर एक दाबलेले असतात आणि प्रत्येक थरातून केसाहून बारीक मार्ग गेलेले असतात. वरचे मार्ग तुटले तर कसबी माणूस जंपर, म्हणजे बारीक तारेचा तुकडा, मारून जोडू शकतो, आतल्या थरांत स्क्रू गेला तर बहुधा तोही हात टेकतो. आमच्या नशिबाने दोन जंपरवर भागले. फोन सुरू झाला, नंबर परत मिळाले, मात्र त्याची टॉर्च नंतर कधीच लागली नाही.

घरी आल्यावर मी उरलेले स्क्रू व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घेण्याच्या पट्टीने, मोजले. खालच्या स्पीकर बॉक्सचे स्क्रू पत्रीच्या स्क्रूंपेक्षा ०.८ मिलिमीटरने लांब होते, कारण त्यांना बॉक्सच्या जाडीतून जायचे असते. डोक्याचा आकार तोच, रंग तोच, आटे तेच. म्हणजे ०.८ मिलिमीटरने तो फोन बंद पाडला होता.

आण्णांचे म्हणणे तेव्हापासून आजपर्यंत एकच आहे, की फोन घरात उघडायचाच नाही. माझे म्हणणे असे की घर आणि दुकान हा भेद इथे लागूच होत नाही. दुकानातल्या माणसाने हेच स्क्रू एका वाटीत टाकले असते आणि बाहेर चार गिऱ्हाइके खोळंबलेली असती, तर त्याच्या हातूनही हेच झाले असते. फरक इतकाच की मग "बोर्ड गेला, पूर्वीच पाणी गेलेले दिसते" असे आपल्याला सांगण्यात आले असते आणि आपण ते मानले असते. माझ्या मुलीचा फोन एकदा दुकानातून डिस्प्ले बदलून आला, तेव्हा नंतर मी तो उघडला तर आत दोन स्क्रू कमी होते. आण्णांना ते दाखवले. ते म्हणाले, "पर चालू हाय न्हवं?" चालू होता हे खरे. परंतु कव्हरवरच्या त्या स्क्रूंनीच खालचे कनेक्टर दाबून धरलेले असतात आणि फोन एकदा हातातून पडला की ते सैल होऊ शकतात, हे मी त्यांना अजून पटवू शकलेलो नाही. चांगले दुरुस्तीवाले आहेत, आण्णांचा फोन त्यांच्यातल्याच एकाने वाचवला, आणि तसे हात माझे नाहीत हे मी मान्य करतो. पण सीसी बोर्ड बदलणे हे त्या हातांचे काम नाही. त्यात कोठेही डाग द्यावा, म्हणजे सोल्डरिंग करावे, लागत नाही, सगळे दाबून बसणारे कनेक्टर असतात.

तेव्हा आपण बोर्ड बदलणार असाल तर माझा सल्ला स्क्रूपासून सुरू होतो. एका जाड कागदावर फोनचा बाह्याकार काढावा, त्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप लावावा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू फोनमध्ये ज्या जागी होता त्याच जागी कागदावर चिकटवावा. प्रत्येक टप्प्याला एक फोटो घ्यावा. लावताना पहिले दोन फेरे उलटे द्यावेत, आटा आट्यात पडल्याची बारीक टिचकी हाताला कळते, मगच आवळावे. आणि शेवटी जडपणा लागला तर थांबावे, जोर करू नये. मुलीचा बोर्ड आणि नंतर बायकोच्या फोनचा बोर्ड मी असेच बदलले, दोन्ही आजही चालू आहेत. आपल्या घरातही कोणी वडीलधारे "दुकानातच दे" म्हणत असतील तर त्यांना तो कागद दाखवावा आणि दुकानदाराकडे असा कागद असतो का ते विचारावे.

आता आपल्या पोर्टबद्दल. खरे तर हे आधी सांगायला हवे होते. पोर्ट टाईप-सी असेल तर फोन बंद करून, उजेडात धरून आत पाहा. हा कनेक्टर १०,००० वेळा केबल घालण्या-काढण्याच्या हिशोबाने बनवलेला असतो, म्हणजे दिवसातून चार वेळा केबल लावली तरी साडेसहा वर्षांहून अधिक काळ. दोन-तीन वर्षांत तो सैल वाटू लागला तर पुष्कळदा आत खिशातल्या कापडाचा भुसा दाबून बसलेला असतो आणि त्यामुळे केबल पूर्ण आत जात नाही. लाकडी टूथपिक तासून चपटी करावी आणि कडेकडेने भुसा ओढून काढावा. मधल्या पातळ पट्टीवर २४ संपर्क असतात, तिला खरवडू नये, आणि सुई किंवा टाचणी तर आत घालूच नये. आमच्या उद्यमनगरात पोर्टात बिडाचा बारीक चुराही सापडतो, कारण स्पीकरमध्ये चुंबक असतो आणि तो लोखंडाचे कण स्पीकरच्या जाळीवर व तिथून शेजारच्या पोर्टाकडे खेचून आणतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या फोनला नवा बोर्ड लागलाच नाही, टूथपिकने काम झाले.

टूलकिटबद्दल माझे मत असे की मोठे किट घेऊ नये, त्यातले निम्मे तुकडे पेटीतच राहतात. बहुतेक अँड्रॉइड फोनांना पीएच ००० मापाचा, म्हणजे अधिक चिन्हाच्या बारीक टोकाचा, एक चांगल्या पोलादाचा स्क्रूड्रायव्हर, प्लॅस्टिकची एक चपटी उचकटणी, बारीक टोकाचा चिमटा आणि एक्स-रे फिल्मची पट्टी एवढे पुरते. आयफोनचे स्क्रू वेगळ्या खाचेचे असतात आणि त्याचे पोर्ट बदलण्यासाठी जवळजवळ सगळा फोन मोकळा करावा लागतो, त्या कामाला पहिल्याच वेळी बसू नये.

नवा बोर्ड मागवताना फोनचे नाव पुरेसे धरू नये, जुन्या बोर्डावर छापलेला क्रमांक जुळवावा. एकाच नावाच्या फोनमध्ये दोन प्रकारचे बोर्ड आढळतात. याच बोर्डावर बोलण्याचा माईक असतो, पुष्कळ फोनांत अँटेनाची वायरही इथेच येते, म्हणून हलक्या प्रतीचा बोर्ड घेतला तर चार्जिंग होते पण फास्ट चार्जिंग होत नाही, किंवा आपला आवाज पलीकडच्याला खोल विहिरीतून आल्यासारखा ऐकू येतो. कव्हर चिकटवण्याआधी चार्जिंग, एक फोन करून माईक, आणि नेटवर्कच्या रेघा, तिन्ही तपासा. अँटेनाची वायर बसताना टक असा आवाज यायला हवा.

काही फोनांत पोर्ट वेगळ्या बोर्डावर नसून मुख्य बोर्डावरच डाग देऊन बसवलेले असते. आपल्या मॉडेलचा सुटा सीसी बोर्ड कोठेच मिळत नसेल तर तसे समजावे आणि ते काम हॉट एअर, म्हणजे गरम हवेने डाग सोडवण्याचे यंत्र, असलेल्या माणसाकडेच द्यावे, इथे आण्णांचे म्हणणे मला मान्य आहे. मागचे कव्हर फुगून उचललेले दिसले तर बॅटरी फुगलेली असू शकते, अशा फोनला ड्रायर लावू नये आणि बॅटरीखाली धातूची वस्तू घालू नये. एरवीही फोन २५ टक्क्यांच्या खाली उतरवून मगच उघडावा. पाणी रोखणारा फोन असेल तर उघडल्यावर त्याचे ते सील पूर्वीसारखे राहत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर हे सगळे बाजूला ठेवून कंपनीच्या केंद्रात जावे.

आणि उघडण्याआधी नंबर आणि फोटो दुसरीकडे उतरवून ठेवावेत. आण्णांचे मी उतरवले नव्हते. ते पाच दिवस ते माझ्यावर रागावले नाहीत, वहीत आठवतील तसे नंबर लिहीत बसायचे आणि चुकलेला नंबर लागला की समोरच्याची माफी मागून पुन्हा लिहायचे. ती वही आमच्याकडेच राहिली आहे.