वडील करोनात गेले, अंत्यदर्शनही झाले नाही. इतक्या वर्षांनंतरही ते गेले हे मन मानत नाही. हे स्वाभाविक आहे का?

हो, स्वाभाविक आहे, आणि त्याचे कारण तुमच्या मनाच्या दुबळेपणात नसून वडील ज्या परिस्थितीत गेले तिच्यात आहे. माझा मोठा भाऊ एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात करोनानेच गेला. भरती करताना पाहिले तेच शेवटचे. शहरातल्या घाटांवर तेव्हा ओटे कमी पडत होते आणि त्याला अग्नी दिला गेला तेव्हा आम्ही फाटकाबाहेर उभे होतो.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० च्या सूचनांनुसार मृतदेहाला आंघोळ घालण्यास किंवा मिठी मारण्यास मनाई होती. परंतु कर्मचाऱ्यांनी पिशवीची चेन उघडून नातेवाइकांना चेहरा दाखवण्यास, स्पर्श न करता मंत्र म्हणण्यास, पाणी शिंपडण्यास परवानगी होती आणि राखेपासून धोका नसल्याने अस्थीही गोळा करता येत होत्या. प्रत्यक्षात गर्दी आणि भीती यांमुळे आमच्यासारख्या अनेकांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. याचा राग मला आजही येतो, आणि तो गैर आहे असे मला वाटत नाही.

विधी म्हणजे केवळ औपचारिकता, असे म्हणणाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेतली इबोलाची साथ आठवावी. तिथे मृतदेहापासून खरोखरच संसर्ग होत असे. तरीही कुटुंबाला पूर्णपणे दूर ठेवल्यावर लोक आजारी माणसे आणि प्रेते लपवू लागले, म्हणून नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दफनाच्या पद्धतीत कुटुंबीय आणि धर्मगुरूंना सामील करून घेणारे नवे नियम दिले.

राहिलेला निरोप उशिरा देता येतो. आम्ही तेरवी तेव्हा केलीच नव्हती. पुढे आईच्या आग्रहावरून घरी फोटो ठेवून माणसे बोलावली. त्या दिवशी भावाच्या शेजारच्या खाटेवर असलेले एक काका आले आणि तो अर्धी पोळी खाऊन उरलेली त्यांना देत असे, मोबाईलच्या चार्जरवरून नर्सशी हुज्जत घालत असे, असे त्यांनी सांगितले. आई हसली, मग बराच वेळ रडली. आम्हाला खरे तर मृत्यूपेक्षा त्या आधीचे दिवस छळत होते, कारण त्यांविषयी आम्हाला काहीच ठाऊक नव्हते. म्हणून तुम्हीही दवाखान्याची कागदपत्रे मिळवून एखाद्या परिचित डॉक्टरांकडून समजून घ्या आणि वडिलांसोबत त्या वॉर्डात कोणी होते का, याचा शोध घ्या. अस्थी मिळाल्या असून घरीच राहिल्या असतील तर नागपूरजवळच्या रामटेकच्या अंबाळा तलावावर विसर्जनासाठी सर्वांनी मिळून जा. मिळाल्याच नसतील तर सर्वपित्री अमावस्येला पान ठेवता येते, आणि बौद्ध कुटुंब असेल तर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आजही घेता येतो.

मात्र एक भेद ध्यानात ठेवा. आठवणीने डोळे भरून येणे हा आजार नव्हे. सहा महिन्यांहून अधिक काळ हेच दुःख जवळजवळ रोज तितक्याच तीव्रतेने राहून काम, झोप, माणसांत मिसळणे अडवत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र विकार मानले आहे आणि त्यावर समुपदेशनाचे उपचार आहेत. नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागात दाखवता येईल. तिथवर जाणे जड वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून बोलता येते.