सोनं गहाण 'ठेवलं' की गहाण 'टाकलं'?

प्रश्न असा आहे: १९९१ च्या आर्थिक संकटाबद्दल वृत्तपत्रांत कुठे 'देशाचं सोनं गहाण टाकलं' असं वाचायला मिळतं, कुठे 'गहाण ठेवलं', कुठे 'तारण ठेवलं', तर कुठे चक्क 'विकलं'. यातलं बरोबर कोणतं?

व्यवहार एक नव्हता, दोन होते. बरेचदा दोन्ही एकाच शब्दात कोंबले जातात आणि घोळ तिथेच होतो. मे १९९१ मध्ये तस्करांकडून जप्त केलेलं, सरकारच्या ताब्यातलं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या यूबीएस बँकेला दिलं गेलं. ही विक्री होती, पण सोनं परत विकत घेण्याची मुभा राखून केलेली. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेनं स्वतःच्या साठ्यातलं सुमारे ४७ टन सोनं विमानानं लंडनला पाठवलं आणि त्यावर बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून सुमारे ४० कोटी डॉलर उचलले. ती बातमी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये शंकर अय्यर यांनी फोडली. हा दुसरा व्यवहार म्हणजे गहाण.

विकलं की मालकी जाते, गहाण ठेवलं तर मालकी आपली राहते, वस्तू फक्त दुसऱ्याच्या ताब्यात जाते. 'गहाण' हा शब्द 'ग्रहण'वरून आला आहे, म्हणजे घेणं, धरणं. देणेकऱ्याची वस्तू धरून ठेवणारा सावकाराचा हात त्या शब्दातच आहे. मे महिन्यातल्या व्यवहारासाठीही आपल्याकडे जुना शब्द आहे, मुदतखरेदी. जमीन विकायची, पण मुदतीत पैसे फेडले तर ती परत मिळायची, असे कागद अनेक घरांतल्या ट्रंकांमध्ये आजही सापडतील. बातमीत हा शब्द वापरला असता तर वाचकाला एका दमात सगळं कळलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

आता 'तारण'. अर्थानं ते गहाणाच्या अगदी जवळ, पण बोलतो कोण ते पाहा. सोनेतारण कर्ज, शेतमाल तारण, विनातारण कर्ज: ही बँकेच्या टेबलापलीकडची भाषा. टेबलाच्या अलीकडचा माणूस 'गहाण' म्हणतो. माझ्या आईनं माझ्या फीसाठी पाटल्या दिल्या तेव्हा पावतीवर 'सोनेतारण' छापलं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गहाण टाकल्यास का गं?" आईनं तिथल्या तिथे दुरुस्त केलं, "टाकल्या नाहीत, ठेवल्यात." पावती चौपदरी घडी करून तिनं कुंकवाच्या डब्याखाली सरकवली.

सगळा फरक त्या दुरुस्तीत आहे. 'ठेवणे'मध्ये परत घ्यायचा इरादा असतो, 'टाकणे'मध्ये नाइलाज आणि नामुष्की. म्हणून बुद्धी, स्वाभिमान, इमान हे आपण बहुधा गहाण 'टाकतो'. ते तारण ठेवल्याचं कोणी म्हणत नाही. संपादकाला सरकारवर आसूड ओढायचा असेल तर अग्रलेखात 'गहाण टाकलं' जरूर लिहावं. त्यावेळी परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती, लोकांची लाज आणि भीती खरी होती, आणि तो शब्द ती बरोबर पोचवतो. पण पहिल्या पानावरच्या बातमीत 'गहाण ठेवलं' हेच हवं. 'टाकलं' म्हटलं की बातमीदारानं निकालही देऊन टाकला.

जाता जाता आणखी एक. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ब्रिटनमधून सुमारे १०० टन सोनं भारतात आणलं, तेव्हा 'गहाण सोनं अखेर सोडवलं' असे संदेश फिरले. हे चूक आहे. कर्ज फिटलं की गहाण सुटतं, आणि ते कर्ज १९९१ सालीच फिटलं होतं. त्यानंतर परदेशात राहिलेलं सोनं ही नुसती ठेव. ती २०२४ मध्ये 'परत आणली', 'सोडवली' नाही.