बेळगावहून दोन दिवस गोव्याला जातोय. आई-वडिलांना समुद्राची आवड नाही, मग बीच सोडून बघण्यासारखं काही आहे का?

आहे. आणि भरपूर आहे. दोन दिवस पुरणार नाहीत.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे यावरूनच वाजलं होतं, म्हणून लिहायला बसलो. आमचे दाजी आप्पांच्या तोंडावर म्हणाले होते, "बीच सोडला तर गोव्यात आहे काय? देऊळच बघायचं तर हितं कपिलेश्वर आहे की." आप्पा गवंडी. चाळीस वर्षं बेळगाव-खानापूर पट्ट्यात दगडाचं काम केलेला माणूस. ते काही बोलले नाहीत, पण मला ते लागलं.

पहिला दिवस दाजींच्या हट्टापायी कळंगुटला गेला. आप्पा सगळ्यांच्या चपला सांभाळत माडाच्या सावलीत बसले. दुसऱ्या दिवशी परत येताना मी गाडी फोंड्यावरून आणली आणि मोलेहून आत तांबडी सुर्लाकडे वळवली. बारा-तेरा किलोमीटर आत, शेवटी शेवटी नुसतं जंगल. दाजी गाडीतून उतरलेच नाहीत.

कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ आहे हे, बाराव्या शतकातलं. सह्याद्रीच्या पायथ्याला, रानातल्या मोकळ्या जागेत, शेजारून ओढा वाहतो. गोव्यातली कितीतरी देवळं पोर्तुगीजांनी पाडली, पण हे इतकं आडबाजूला होतं की वाचलं. आप्पा आधी आत गेलेच नाहीत. बाहेरूनच भिंतीवरून तळहात फिरवत पूर्ण फेरी मारली. एका सांध्यापाशी थांबले, अंगठ्याचं नख घालून बघितलं, जाईना. मग मला म्हणाले, "हा दगड हितला न्हाई. खाली सगळा चिरा, तांबडा जांभा. ह्यो आपल्याकडचा, घाटावरचा काळा दगड." मी म्हटलं, आप्पा, एवढा दगड घाटातून कोण आणणार? घरी येऊन वाचलं तर खरंच, हा दगड दख्खनच्या पठारावरून डोंगर ओलांडून आणला असं सांगतात. आप्पांना लिहिता-वाचता बेताचंच येतं. त्यांनी ते हातानं ओळखलं.

आत मंडपात छताला दगडात कोरलेलं कमळ आहे. आप्पा खाली बसून मान वर करून बघत राहिले, मान दुखेपर्यंत. "किल्ल्यातल्या कमळबस्तीत असंच हाय की," म्हणाले. आपली कमळबस्ती म्हणजे बेळगावच्या किल्ल्यातलं जैन मंदिर, १२०४ सालचं, रट्ट राजांच्या काळातलं. म्हणजे घाटाच्या वर आणि खाली, दोन वेगळ्या राजवटींत, थोड्याफार अंतरानं, कोणीतरी दगडातून कमळं उमलवत होतं. दाजी, हे कळंगुटला दिसलं असतं का?

आता तुमच्या कामाचं. जाताना चोर्ल्यानं जा, येताना अनमोडनं या, म्हणजे दोन्ही घाट होतात आणि तांबडी सुर्ला परतीच्या वाटेवर पडतं. चोर्ला उतरलात की साखळीजवळ हरवळेचा धबधबा आणि कोरीव लेणी आहेत, वयस्कर माणसांना झेपतील अशी. पुढे डिचोलीकडे नार्व्याचं सप्तकोटेश्वर. कदंबांचं दैवत, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये देऊळ पुन्हा उभारलं. बेळगावच्या माणसानं हे न बघता पुढे जाणं मला तरी पटत नाही. मुक्काम फोंडा भागात करा. मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा दोन्ही तिथे. मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची. पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा माणसांनी देव रातोरात उचलून नदीपलीकडे आणले, कारण फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता.

जुन्या गोव्यातली चर्चंही चुकवू नका. बॉम जेझू १६०५ चं आहे, त्याचा बाहेरचा गिलावा काढलेला आहे, त्यामुळे चिऱ्याचं बांधकाम उघडं दिसतं. आप्पांना ते दाखवायचं माझं राहिलं, अजून मनात आहे.

दूधसागरसाठी एक दिवस वेगळा हवा. पावसाळ्यात कुळेहून जीप बंद असतात. पण लोंढ्यावरून कॅसलरॉकच्या घाटातनं जाणाऱ्या रेल्वेत बसलात तर धबधबा अगदी समोरून दिसतो, आई-वडिलांना चालावं लागत नाही. आणि पणजीला मांडवीच्या काठावर उभे राहाल तेव्हा त्यांना सांगा, ही आपल्या खानापूरच्या रानातनं निघालेली म्हादईच आहे.

बीचला माझा विरोध नाही. लहान पोरं असतील तर जरूर न्या. दक्षिणेला गालजीबागला तर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. पण ज्याला वाळूत करमत नाही त्याला तिथे बसवून वर "गोव्यात आहे काय" म्हणायचं, हे चूक.

आणखी दोन गोष्टी. पावसात निघत असाल तर घाट चालू आहे का ते आदल्या दिवशी विचारून घ्या, दरड पडली की तासन्‌तास अडकता. तांबडी सुर्लाला सकाळी जा. देऊळ पूर्वेकडे तोंड करून आहे, उजेड थेट आत येतो आणि कोरीवकाम नीट दिसतं. आम्ही दुपारी पोचलो होतो. आप्पांनी मोबाईलचा टॉर्च मागून घेतला आणि बॅटरी संपेपर्यंत परत दिला नाही.