आयुष्मान कार्डासाठी सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांक देणे सुरक्षित आहे का?

आपण विचारले आहे की, ७२ वर्षांच्या आईचे आयुष्मान कार्ड काढताना संकेतस्थळ आधार क्रमांक आणि ओटीपी मागते, तर तो द्यावा का. संकेतस्थळ खरे असेल, तर द्यावा. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत उपचारांचे हे कार्ड मिळते, पण वय आणि ओळख आधारच्या ई-केवायसीनेच, म्हणजे आधारवरून होणाऱ्या ऑनलाइन ओळख-पडताळणीनेच पटवावी लागते. मला धास्ती वाटते ती आपण आणि संकेतस्थळ यांच्या मध्ये बसलेल्या माणसाची.

वडिलांचे कार्ड छापून घेण्यासाठी मी येथे नाशिकला पंचवटीतील एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने डाउनलोडचे फोल्डर उघडले, तेव्हा अनोळखी लोकांची आधार कार्डे, रेशनकार्डे आणि दवाखान्यातून घरी सोडल्याचे कागद यांची रांगच पडद्यावर दिसली. काही फाइलींना तर थेट गिऱ्हाइकाचे नाव दिलेले होते. त्याच्या मनात काही वाईट नसावे, पुसायचे राहून गेले इतकेच. वडिलांची फाइल मी समोर उभा राहून पुसायला लावली आणि रिसायकल बिनही रिकामी करून घेतली. "एवढं कोण बघतंय, साहेब?" असे तो म्हणाला खरा.

म्हणून कार्ड शक्यतो घरच्या मोबाइलवरच काढावे, आणि सेवा केंद्रात किंवा दुकानात जावेच लागले तर अर्जात दुकानदाराचा मोबाइल क्रमांक टाकू देऊ नये. संकेतस्थळाच्या पत्त्यात सुरुवातीच्या 'https://' नंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेपूर्वीचा भाग 'डॉट गव्ह डॉट इन'नेच संपायला हवा. ही अक्षरे मध्येच कोठेतरी असून चालत नाही. पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह वाटेत माहिती कोणी वाचत नाही एवढेच सांगते, पलीकडे कोण बसले आहे ते सांगत नाही. फोन करून ओटीपी मागणाऱ्याला तो देऊ नये. शंका असल्यास आयुष्मान योजनेच्या १४५५५ या मदत क्रमांकावर आपण स्वतः विचारावे.

सरकारकडूनच माहिती फुटली तर काय, हा आपला दुसरा प्रश्न. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, परंतु तो दंड सरकारी तिजोरीत जमा होतो, ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती काही पडत नाही. त्यामुळे आधारच्या संकेतस्थळावर आईचे बोटांचे ठसे लॉक करून ठेवावेत, म्हणजे ते वापरून कोणाला तिची ओळख पटवता येणार नाही. गेल्या सहा महिन्यांत तिचे आधार कोठे वापरले गेले याची नोंदही तेथेच दिसते, ती अधूनमधून पाहावी.