आधी छेद बघ

चि. …,

तुझा मेल पोचला. सीडॉच्या, म्हणजे स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या, पर्यायी अहवालातला (सरकारच्या अहवालाशेजारी संस्था देतात तो) महाराष्ट्राचा भाग तुझ्याकडे आलाय, मुदत सहा महिने, आणि "ताई, सुरुवात कुठून करू?" सोबतची एक्सेल शीटही उघडून बघितली. साठ-पासष्ट इंडिकेटर, प्रत्येकाला वेगळा रंग, शेवटी लाल-पिवळा-हिरवा दिवा. मेहनत दिसते. पण तिच्यात एक रकाना नाही, आणि त्या एका रकान्यापायी हे पत्र लांबणार आहे.

(चि. लिहिताना क्षणभर हात थांबला. लग्नपत्रिकेत मुलगा नुसता 'चि.' आणि मुलगी 'चि. सौ. कां.'. अक्षता पडायच्या आधीच तिच्या नावाला सौभाग्य चिकटलेलं. हे कुठल्या इंडिकेटरात बसवशील?)

शाळेत अपूर्णांक शिकवताना बाई सांगायच्या, वर अंश, खाली छेद. आपल्या कामात सगळी भांडणं अंशावरून होतात. किती जणींना मारहाण झाली, किती कामावर आहेत, किती निवडून आल्या. खाली कोण बसलंय ते कुणी बघत नाही. तुझ्या शीटमध्ये टक्के आहेत, पण ते कुणापैकी टक्के, कुणाला विचारलं, कोण त्या दिवशी घरी नव्हतं म्हणून सुटलं, याला जागाच नाही. तो रकाना घाल.

तुझ्याच शीटमधलं उदाहरण घेते. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीवरून तू लिहिलंयस, "बायका दिवसाला २९९ मिनिटं घरकाम करतात, पुरुष ९७." वाचून मी आमच्या गल्लीतले पुरुष एकेक करून आठवले. दीड तास घरात राबणारा काही सापडेना. मग तक्ता काढून बघ. त्या दिवशी ज्यांनी थोडं तरी घरकाम केलं त्यांचीच ही सरासरी आहे. आणि असे पुरुष शंभरात २६ होते, बायका ८१. सगळ्या पुरुषांवर वाटली तर ती ९७ मिनिटं पंचविसावर येतात. बायकांची २४३ च्या आसपास. छापील आकडा खराच आहे, वाक्य तुझं चुकलं. 'घरकाम करणारे पुरुष' एवढे दोन शब्द जादा लिहायचे होते.

जागतिक स्त्री-पुरुष तफावत निर्देशांकात भारत २०२४ ला १४६ देशांत १२९ वा, २०२५ ला १४८ मध्ये १३१ वा. प्रस्तावनेत एक ओळ टाक आणि पुढे हो. त्या क्रमांकावरून जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्याला उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही.

आता बीड. हे जरा सावकाश सांगते.

ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात. जोडीला म्हणायचं 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) जोडीनं घेतात आणि फेडतातही जोडीनं, त्यामुळे मजूर म्हणून बाईचं वेगळं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. म्हणजे छेदात ती आधीच अर्धी. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. उसाच्या फडात पाणी नाही, आडोसा नाही. पाळीच्या चार दिवसांतही मोळ्या वाहायच्याच असतात. मग अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, गावी आल्यावर बाई खाजगी दवाखाना गाठते. तिथे सांगतात, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. उचलीत आणखी काही हजारांची भर पडते आणि पिशवी निघते. वय कितीदा तिशीच्या आतबाहेर.

मी पहिल्यांदा त्या भागात फॉर्म घेऊन गेले तेव्हा प्रश्न असा छापलेला होता, "गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली आहे काय?" एका तांड्यावर अकरा बायका बसल्या होत्या, अकराही जणींनी नाही म्हटलं. मी अकरा फुल्या मारल्या आणि मनातून बरं वाटलं. चहा आला. कप हातात देताना त्यांतली एक म्हणाली, "पिशवी म्हणता व्हय? ती तर कवाच काढली की." मग दुसरी बोलली. मग तिसरी. चहा संपेपर्यंत पाच झाल्या. फॉर्मवर मात्र अकरा फुल्या होत्याच, आणि तो तसाच गेला असता तर आमच्या अहवालात त्या तांड्याला हिरवा दिवा लागला असता.

हे प्रकरण २०१९ मध्ये गाजलं तेव्हा दोन आकडे फिरत होते. विधिमंडळात सांगितलं गेलं, बीड जिल्ह्यातल्या दवाखान्यांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पत्रकार विचारायचे, खरा आकडा कुठला? दोन्ही खरे. पहिला दवाखान्याच्या रजिस्टरातून आलेला, तीन वर्षांपुरता आणि सगळ्या बायकांचा. दुसरा बाईला विचारून घेतलेला, आयुष्यभराचा आणि फक्त तोडीला जाणाऱ्यांचा. तो शंभरात जवळपास सतरा भरतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत हेच प्रमाण तीनच्या आसपास होतं. वयोगट वेगळे आहेत, म्हणून ही तुलना तशीच्या तशी छापू नकोस, तळटीप दे. पण जिल्ह्याची एकच सरासरी काढलीस की शिक्षिका, दुकानदारीण, तालुक्याच्या गावातली सून या सगळ्यांत ऊसतोडवाली विरघळून जाते. तिला वेगळं मोजलं म्हणून ती दिसली.

आता माझी चूक. एका तालुक्यात समुपदेशन केंद्राच्या तक्रारी वर्षभरात निम्म्यावर आल्या होत्या. मी अहवालात लिहिलं, "कौटुंबिक हिंसाचारात लक्षणीय घट." टाळ्याही मिळाल्या. पुढच्या खेपेला केंद्रात गेले तर समुपदेशकाची खुर्ची कित्येक महिने रिकामी असल्याचं कळलं. बायका यायच्या, शिपाई "मॅडम नाहीत, पुढच्या आठवड्यात या" म्हणायचा, आणि पुन्हा एसटीचं भाडं खर्चून येणं कुणाला परवडणार? घट झाली होती ती रजिस्टरात. तेव्हापासून तक्रारींचा आकडा घेताना मी आधी विचारते, लिहून घेणारा माणूस जागेवर होता का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुणाची तरी मदत मागितलेल्या होत्या शंभरात १४. राहिलेल्या ८६ कुठल्याच ठाण्याच्या दप्तरात नाहीत. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यात तक्रारी वाढल्या तर लगेच लाल दिवा लावू नकोस. कदाचित तिथे आता कुणीतरी लिहून घेतंय.

बालविवाहाचंही तसंच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली १,००२ गुन्हे. आणि तीच २०१९-२१ ची कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, २०-२४ वयाच्या बायकांपैकी २३.३ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं, महाराष्ट्रात २१.९, बीडमध्ये चाळिशीच्या वर. हे दोन आकडे शेजारी शेजारी छाप. भाष्य करू नकोस, गरजच नाही.

आणखी एक किरकोळ पण डोकेदुखीची गोष्ट. १ जुलै २०२४ पासून सासरच्या छळाचं जुनं कलम ४९८अ भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ मध्ये गेलं. जुन्या-नव्या तक्त्यांची जुळणी आताच करून ठेव, नाहीतर तुझ्या आलेखात सासरचा छळ एका वर्षात नाहीसा झालेला दिसेल.

तू विचारलंयस, एका बाईची हकिगत अहवालात घालावी का, की सरकारी मंडळी 'एकच केस' म्हणून उडवतील. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला, तो मथुरा खटला, तुला माहीत असेल. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, मग जबरदस्ती कुठली, असा तर्क. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. टक्केवारी मांडण्यापेक्षा त्यांनी निकालपत्रातले तर्क उचलून तपासले, संमती आणि निमूट शरण जाणं यांतला फरक दाखवला. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तेव्हा घाल हकिगत. फक्त तिचं नाव, गाव, तांडा, नवऱ्याचं काम, मुलांची वयं यांतलं काहीही असं ठेवू नकोस की गावातल्या कुणालाही ती ओळखू येईल. तिची परवानगी लिहून घेतली म्हणजे संपलं असंही समजू नकोस. छापायच्या आधी पुन्हा विचार. मधल्या काळात ती नांदायला परत गेलेली असते.

सीडॉ कराराचा मजकूर तू वाचलाच असशील. भारतानं ९ जुलै १९९३ ला तो मान्य करताना काय काय पदरी बांधून घेतलं, तेही वाच. एका निवेदनात म्हटलंय, कुठल्याही समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय त्याच्या व्यक्तिगत बाबींत सरकार पडणार नाही. दुसऱ्यात, सक्तीची विवाहनोंदणी तत्त्वतः मान्य, पण एवढ्या मोठ्या देशात, इतक्या रूढी, धर्म आणि साक्षरतेची ही पातळी असताना ती व्यवहार्य नाही. इकडे महाराष्ट्रानं १९९८ मध्येच विवाहनोंदणीचा कायदा केला. एका राज्याला जमतं ते देशाला का जमत नाही, हा प्रश्न कराराच्या जिनिव्हातल्या देखरेख समितीपुढे आपल्या अहवालातून मांडता येतो. आणि कायदा असूनही गावोगाव किती लग्नं नोंदली जातात, हा प्रश्न आपण आपल्याला.

जमिनीचा भाग तू शीटमध्ये एका ओळीत उरकलायस. "मुलींना समान वारसा हक्क : होय." कागदावर होयच. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केलं, देशानं २००५ मध्ये. पण तू तलाठ्याकडे जाऊन गाव नमुना सहा माग, म्हणजे फेरफार नोंदवही. मी एका गावातल्या दहा वर्षांच्या नोंदी वहीत उतरवल्या होत्या, तीन दिवस गेले. बाप वारला की वारसाचा फेरफार पडतो. मुलगे, मुली, विधवा, सगळ्यांची नावं सातबाऱ्यावर लागतात. सरकारच्या अहवालातला 'जमीनधारक महिला' हा आकडा इथे वाढतो. चार-सहा महिन्यांनी त्याच गटावर पुढचा फेरफार : बहिणींनी हक्कसोडपत्र करून दिलं. नावं उतरली. पानामागून पान तेच. मोबदल्याच्या जागी 'प्रेमापोटी' हा शब्द इतक्यांदा वाचला की भाऊबीज आली की अजून तो आठवतो.

त्यांतल्या एका बाईला विचारलं, सही का केली. म्हणाली, "हिस्सा मागितला तर माहेर तुटतं. जमीन काय, तिथं जाऊन मी थोडीच कसणार. पण दिवाळीला यायला दार नको का?" हे उत्तर मी 'जागृतीचा अभाव' या रकान्यात घालायला गेले होते. तिला कायदा पाठ होता. तिनं हिशेब केला होता आणि तो तिच्या परिस्थितीत चुकीचाही नव्हता. पुढे आम्ही मोजायचं बदललं. नावं किती लागली याच्याबरोबर तीन वर्षांनंतर त्यांतली किती टिकली हेही. तुझ्या इंडिकेटरला एवढी एक ओळ जोड.

तलाठी पहिल्या दिवशी देणार नाही. अर्ज कर, पोच घे, माहिती अधिकाराखाली अवलोकनाची मागणी कर. प्रती मागितल्यास की खर्च आणि कारणं दोन्ही वाढतात. कोतवालाशी नीट बोल, दप्तर कुठल्या कपाटात आहे ते त्यालाच माहीत असतं.

बीडला दसऱ्याच्या आत जाऊन ये. नंतर कोयते निघू लागतात आणि गावात म्हातारी माणसं नि शाळेतली पोरं उरतात. जानेवारीत पाहणी केलीस तर ज्या बाईला शोधतेस ती कोल्हापूर-सांगलीच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात असेल, आणि तुझ्या छेदात न गेलेल्या तेवढ्या बसतील. ते नाहीच जमलं तर गुढीपाडव्यानंतर, त्या परत आल्यावर. पण तेव्हा उन्हं कडक असतात आणि पाण्याच्या रांगेतून कुणी उठून येणार नाही, रांगेतच उभी राहून बोल.

मराठी फॉर्म छापायच्या आधी मला पाठव. 'पिशवी' लिहिलंयस की नाही, तेवढंच बघते.

तुझी,
ताई